अर्थमंत्री महोदया, कर्ज आमच्या नावावर, करार आमच्या पाठीमागे

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली कास्तकार. घरची पाच एकर आणि मक्त्याने केलेली तीन, अशी आठ एकरांत यंदा पऱ्हाटी लावली. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून एका पानात लिहायचं ठरवलं होतं. पण या आठवड्यात कापूस विकून आले आणि आता ते एका पानात बसत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मंत्रालयाने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. आमच्याकडे लोक एकमेकांना धीर देत होते, की आपला वेचा दसऱ्यानंतरचा, तोवर शुल्क परत लागेल. दहा दिवसांत तीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. कोरडवाहू कास्तकार कापूस विकतो तो याच तीन महिन्यांत, कारण घरात साठवायला जागा नसते आणि घेणेकरी दारात असतात. मग ३० सप्टेंबर ही तारीख दिली कोणाला? ज्यांना गाठी मागवायच्या होत्या त्यांना ती पाळायचीच नव्हती, आणि आम्ही मात्र तिच्यावर भरवसा ठेवून बसलो.

सप्टेंबरच्या पावसात खालची बोंडं झाडावरच सडली. जे हाती लागलं ते अंगणात वाळवलं, गाडी भाड्याने केली आणि खरेदी केंद्रावर नेलं. मोबाइलवर नोंदणी झाली होती, तारीखही मिळाली होती. यंत्र लावलं आणि सांगितलं, ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे, परत न्या. परत कुठे न्यायचा? गाडीवाला ताशी पैसे मोजत होता. वाटेतल्या एका व्यापाऱ्याने ६,६०० रुपयांनी घेतला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव आहे ८,११०. क्विंटलमागे दीड हजार रुपये त्या वाटेवरच गेले. मी घासाघीस केली तेव्हा तो म्हणाला, "ताई, बाहेरची गाठ गिरणीला स्वस्त पडते, मला वरून भाव नाही तर तुम्हाला कुठून देऊ?" त्याच्यावर माझा राग नाही. तो खरं बोलला.

त्या चुकाऱ्यातून मुलीची फी भरायची होती, ती वर्ध्याला नर्सिंग शिकते. मक्त्याचे पैसे त्यातूनच द्यायचे होते. सोसायटीची थकबाकीची नोटीस तर घरात येऊन पडली आहे. नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन दर वर्षी "कापूस निघाल्यावर करू" म्हणून पुढे जातं, यंदाही गेलं. माझ्या कानातलं बियाण्याच्या वेळीच मोडलं होतं, आता मोडण्यासारखं काही नाही. आपल्या फायलीत याला 'वस्त्रोद्योगाला दिलासा' म्हटलेलं असेल. तो दिलासा कोणाच्या खिशातून गेला हे फायलीत नसतं, म्हणून लिहिते आहे.

कृषिमंत्र्यांना न लिहिता आपल्याला का लिहिते? जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, दोन्हींच्या गव्हर्नर मंडळावर भारताच्या वतीने देशाचे अर्थमंत्री असतात. म्हणजे तिथे माझ्या वतीनेही आपणच आहात. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी आहात.

१९९१ च्या जुलैत देशाचं ४७ टन सोनं गहाण ठेवायला विमानाने बाहेर गेलं. नाणेनिधीचं कर्ज आलं. डिसेंबरात जागतिक बँकेचं ५० कोटी डॉलरचं संरचनात्मक समायोजन कर्ज, म्हणजे धोरणं बदलण्याच्या अटीवरचं कर्ज, आलं. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले, आरडाओरड झाली तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाश खतांच्या भावावरचं नियंत्रण उठलं. १९९४ मध्ये कापसाची आयात खुली झाली. गहाण सोनं पुढे सुटलं, खताचे भाव काही परत आले नाहीत. कर्ज देशाने काढलं, ते फेडायला मात्र सर्वात आधी कास्तकार बोलावला गेला.

माझे वडील शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला लावून सभांना जाणारे. संघटनेचे नेते शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाची, म्हणजे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करण्याच्या मसुद्याची, बाजू घेतली तेव्हा वडिलांनीही घेतली. त्यांचं म्हणणं, सरकारच आपला भाव पाडतं, बाजार खुला झाला की भाव मिळेल. मी आजही त्यांना खोटं पाडत नाही. सरकार भाव पाडत होतं हे खरंच होतं. पण बाजार खुला झाला तो एकाच बाजूने. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका दिवसात बंद केली, ओरड झाल्यावर मागे घेतली, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. गिरणीला कापूस महाग पडू लागला की निर्यात बंद. आमच्या हाती दोन पैसे येतील असं दिसलं की आयात मोकळी. बाजारच खुला करायचा तर दोन्ही दारं उघडी ठेवा. नाहीतर दोन्ही लावा आणि पूर्वीसारखी सगळा कापूस घेणारी सरकारी खरेदी आणा. एक दार तुमच्या हातात आणि त्याची कडी गिरणीवाल्याच्या हातात, हा कुठला खुलेपणा?

आणि आम्हाला अनुदानाचे धडे देतं कोण? नाणेनिधीत अमेरिकेची मतं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, मोठ्या निर्णयाला लागतात ८५ टक्के. अमेरिका नाही म्हणाली की विषय संपला. आपल्या अख्ख्या देशाची मतं तीन टक्केही नाहीत. जागतिक बँकेचे आजचे अध्यक्ष आपल्या खडकीत जन्मले याचं इकडे कौतुक झालं, पण त्यांचं नाव अमेरिकेनेच पुढे केलं होतं. याच अमेरिकेने २००१-०२ च्या सुमारास आपल्या पंचवीस-एक हजार कापूस उत्पादकांना वर्षाला तीन-चार अब्ज डॉलर दिले. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. मग अमेरिकेने काय केलं? २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या आफ्रिकेतल्या गरीब देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडलं आहे. त्याच २००३ च्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकुन इथे, या संघटनेच्या बैठकीबाहेर, ली क्यांग-हे नावाच्या कोरियन शेतकऱ्याने सगळ्यांदेखत प्राण दिला. आमच्या जिल्ह्याला त्याचं दुःख कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पाण्याचंही तेच झालं. २००५ मध्ये जागतिक बँकेच्या साडेबत्तीस कोटी डॉलरच्या कर्जावर महाराष्ट्रात पाणी क्षेत्र सुधार प्रकल्प आला आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. कागदावर शेतकऱ्याच्या पाण्याचा हक्क लिहिला गेला. प्रत्यक्षात अप्पर वर्धा धरणाचं पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाला दिलं गेलं. कास्तकार रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून आधीचे वाटपाचे निर्णय सुरक्षित केले गेले.

मला ठाऊक आहे, ऑगस्टची ती अधिसूचना वॉशिंग्टनहून आलेली नाही. ती दिल्लीतच लिहिली गेली. मला तेच जास्त लागतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी निदान अटी घालणारा कोणीतरी समोर होता. आता अट घालावीच लागत नाही, आपल्या अधिकाऱ्यांना ती तोंडपाठ आहे. खतावरचा खर्च कमी करा, हमीखरेदी आवळा, कर्जमाफी देऊ नका, तिने परतफेडीची शिस्त बिघडते. शिस्त? दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींहून अधिक थकीत कर्जं निर्लेखित केली, त्यांतली नऊ लाख कोटींहून अधिक मोठ्या उद्योगांची. हे आपल्याच सरकारने संसदेत सांगितलं आहे. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते, असं आपण सांगता. मग माझंही तसंच निर्लेखित करा. माझ्या दारात वसुलीवाला आणि त्यांच्या दारात तडजोड, ही कुठल्या बँकेची शिस्त?

या संस्थांपुढे काही चालत नाही असं मला कोणी सांगू नये. सरदार सरोवराला जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर कबूल केले होते. त्या धरणात बुडणाऱ्या नर्मदाकाठच्या मणिबेली गावातल्या आदिवासींनी नाही म्हटलं, आणि म्हणत राहिले. १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने त्यांचं गाऱ्हाणं खरं ठरवलं, मार्च १९९३ मध्ये बँक त्या धरणातून बाहेर पडली. लोकांची तक्रार ऐकणारं तपासणी मंडळ बँकेला त्याच वर्षी नेमावं लागलं. ते सगळं डोंगरातल्या, वाचता न येणाऱ्या माणसांनी घडवलं. आम्हाला तर वाचता येतं.

म्हणून मागते. ३१ डिसेंबरनंतर ही सूट एक दिवसही वाढवू नका, आणि ऑक्टोबर ते मार्च कापसावरचं शुल्क कमी होणार नाही असा नियमच करा. व्यापार संघटनेच्या करारात याहून जास्त शुल्क लावायची मुभा आपल्याला आहे, ती वापरा. दर ऑक्टोबरात, आमचा वेचा सुरू असतो तेव्हा, या दोन संस्थांची वार्षिक सभा असते. तिथे अमेरिकेच्या कापूस अनुदानाचा विषय भारताच्या नावाने मांडा आणि काय बोललात ते आम्हाला कळवा. आणि महाराष्ट्रातल्या शेती, पाणी, वीज यांसाठी यापुढे जे परकीय कर्ज घ्याल, त्याच्या सगळ्या अटी, परिशिष्टांसह, सही होण्याआधी मराठीत त्या-त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवा. सही झाल्यावर लावलेला फलक नको. आमच्या गावात असे फलक आहेत, त्यांवर रक्कम असते, अट नसते.

हे पत्र मी आमच्या ग्रामपंचायतीतही दिलं आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते वाचलं जाईल. आपलं उत्तर त्याआधी आलं तर तेही त्याच सभेत वाचू. नाही आलं, तर तसं इतिवृत्तात लिहायला मी सांगणार आहे.

आपली,
एक कापूस उत्पादक
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ
डिसेंबर २०२५