वाक्यातले नॉट कोठपर्यंत पोहोचते

सांगली,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला, तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. तासाला सर शिकवतात ते समजते, फळ्यावरची आकृती समजते, गणितही सुटते; पण वसतिगृहावर येऊन पुस्तक उघडले की इंग्रजी वाक्य हातातून निसटून जाते, शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर सुरुवात विसरते, असे तू म्हणालीस आणि कऱ्हाडात इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग आहे, त्याची फी पाठवाल का, असे विचारलेस. फी मी सोमवारी पाठवतो, त्याची काळजी करू नकोस. परंतु त्या वर्गात तुला नमस्कार-चमत्काराचे इंग्रजी मिळेल, दुकानात आणि मुलाखतीत बोलायचे मिळेल, आणि तुझी अडचण तर पुस्तकातल्या वाक्याची आहे. ती कशी सुटते हे मला थोडेफार ठाऊक आहे, कारण तीच अडचण मी बत्तीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या पंपघरात भोगली आहे. फोनवर हे सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझे मत सांगतो. इंग्रजी व्याकरण शिकण्यासाठी विज्ञानाच्या आणि यंत्रांच्या पुस्तकासारखे दुसरे पुस्तक नाही. गोष्टीच्या पुस्तकात तू एखाद्या वाक्याचा चुकीचा अर्थ लावलास, तर ती चूक तुला दाखवून देणारे तेथे कोणी नसते; गोष्ट तशीही असू शकते असे वाटून आपण पुढे जातो. विज्ञानाच्या वाक्यात मात्र वस्तूच साक्षीला उभी असते. पाणी वरून खाली वाहते, तापलेला धातू प्रसरण पावतो, हे तुला मराठीतून पक्के ठाऊक आहे. तू लावलेल्या अर्थात पाणी आपोआप वर चढू लागले, तर वाक्य वाचण्यात तुझी चूक झाली हे तुला त्याच क्षणी कळते आणि ती कोठे झाली हे शोधायला तू परत फिरतेस. त्या परत फिरण्यातच व्याकरण शिकून होते.

हे मी फार महागात शिकलो. आयटीआय करून मी गावच्या पाणीपुरवठा संस्थेत नुकताच लागलो होतो, वय बावीस. एप्रिल महिना होता, मोठे मिस्त्री रजेवर होते आणि पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता दांडा (शाफ्ट) जेथून बाहेर येतो तेथली दोरी दाबून धरणाऱ्या भागातून, थेंब थेंब पाणी गळत होते. गळती म्हणजे दोष, एवढेच मला माहीत. तरी मनाची खात्री करावी म्हणून कपाटातले पंपाबरोबर आलेले माहितीपुस्तक काढले आणि ग्लँडचे पान उघडले. तेथे वाक्य होते : ‘द ग्लँड शुड नॉट बी टायटन्ड टू सच ॲन एक्स्टेंट दॅट द लीकेज स्टॉप्स कम्प्लीटली.’ मला त्यातले ग्लँड कळले, टायटन्ड कळले, लीकेज स्टॉप्स कम्प्लीटली हे तर स्पष्टच कळले. ग्लँड आवळा, गळती पूर्ण थांबेल, असा मी अर्थ जुळवला आणि पाना घेऊन दोन्ही नट गळती थांबेपर्यंत पिळले. अर्ध्या तासाने जळका वास आला. हात लावला तर ग्लँडला चटका बसत होता. पंप बंद करून उघडला तेव्हा आतली दोरी काळी पडून कडक झाली होती आणि शाफ्टवरच्या स्लीव्हवर, म्हणजे त्याला झिजेपासून वाचवणाऱ्या नळीवर, नख अडकेल इतके खोल चरे पडले होते. ग्लँडमधून थेंब थेंब झिरपणारे ते पाणीच दोरीला थंड ठेवते आणि शाफ्टशी होणारे तिचे घर्षण कमी करते, हे मला नंतर समजले. नवी स्लीव्ह येईपर्यंत चार दिवस पंप बंद राहिला, खालच्या शिवारातल्या लोकांची पाण्याची पाळी चुकली आणि उसाची पाने दुपारी सुरळी होताना मी रोज बांधावरून पाहिली.

वाक्यातला एकूणएक शब्द मला येत होता, हे लक्षात घे. शब्दांच्या अभावाने ती स्लीव्ह गेली नाही.

आमच्या गावात हायस्कुलातून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. ते पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला अर्थ सांगितला नाही. त्यांनी पेन्सिल हातात दिली आणि मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढायला सांगितली, मग नॉटभोवती गोल करायला सांगितला, आणि मग विचारले की हे नॉट कोणाला लागते आणि कोठपर्यंत पोहोचते. मग म्हणाले, आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गळती पूर्ण थांबेल इतका ग्लँड आवळू नये’ असे आपण म्हणतो, त्यामुळे आपला कान शेवटची वाट पाहत असतो आणि शेवटी जे ऐकू येईल ते खरे मानतो. इंग्रजी वाक्य नकार आधीच सांगून मोकळे होते आणि पुढे लांबत जाते. शेवटी पोहोचेपर्यंत आपण तो विसरलेले असतो. मला वाटते, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची निम्मी अडचण या एकाच गोष्टीत आहे, आणि तू सुरुवात विसरते असे म्हणालीस तेव्हा मला गुरुजींची ती ओसरीच आठवली.

याच घराण्यातले दोन शब्द तुला सतत भेटतील, अनलेस आणि अंटिल. ‘डू नॉट स्टार्ट द पंप अनलेस द केसिंग इज फुल ऑफ वॉटर’ हे वाक्य घे. केसिंग, म्हणजे पंपाचे बाहेरचे कवच, पाण्याने भरलेले असल्याशिवाय पंप सुरू करू नये. अनलेसच्या जागी आपले ‘शिवाय’ ठेवले की वाक्य सरळ उलगडते, कारण नकार दोन्हींच्या पोटातच आहे. अंटिलचे थोडे निराळे आहे. आपण ‘जोपर्यंत दाब वाढत नाही, तोपर्यंत व्हॉल्व्ह उघडू नये’ असे म्हणतो, म्हणजे आपल्याला नाही दोनदा लागते. इंग्रजी अंटिलला ते दुसरे नाही नको असते. आपली मुले मराठीतले नाही तिकडे घेऊन जातात आणि उत्तरपत्रिकेत अंटिलच्या पुढे आणखी एक नॉट लिहून येतात. तुझ्या वहीत ही चूक मी गेल्या सुटीत दोन ठिकाणी पाहिली. तेव्हा बोललो नाही, आता सांगतो.

प्रयोगवहीतल्या वाक्यांना तू घाबरतेस ते मला पटत नाही. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ यात कर्ता कोठे गेला असे तू विचारलेस. द्रावण कोणीही तापवले तरी निष्कर्ष तोच यावा, हा प्रयोगाचा नियम असतो, म्हणून तापवणाऱ्याचे नाव गाळतात. ‘मी द्रावण तापवले, मी काच तापवली’ यांत क्रियापद तुझ्याकडे न पाहता द्रावणाकडे आणि काचेकडे पाहून बदलते, हा कर्मणी प्रयोग तू सातवी-आठवीतच शिकली आहेस. कर्माला मान देऊन बोलणे आपल्या भाषेला नवे नाही.

आणि आता जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तू मराठी माध्यमाला कमीपणाचे कारण समजू लागली आहेस असे तुझ्या आवाजावरून वाटले. दहावीपर्यंत तू प्रकाशसंश्लेषण हा शब्द वापरत होतीस. फोटोसिंथेसिस या ग्रीक घडणीच्या शब्दात फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे आपला सम्, आणि थेसिस म्हणजे ठेवणे, मांडणे. दोन्ही शब्द शेजारी ठेव, सांधे एकाच ठिकाणी येतात. आपल्या पंपाला अपकेंद्री पंप म्हणतात. सेंट्रिफ्युगल या शब्दात लॅटिनमधले केंद्र आहे आणि त्याच भाषेतले पळणे आहे, म्हणजे केंद्रापासून दूर पळणारा. आपल्या ‘अप’ने तेच सांगितले आहे. मग सेंट्रिपेटल म्हणजे अभिकेंद्री, केंद्राकडे ओढ घेणारा, हे पाठ करावे लागत नाही. इलेक्ट्रोलिसिस म्हणजे विद्युत अपघटन आणि हायड्रोलिसिस म्हणजे जल अपघटन, हे एकदा पाहिले की लिसिस जेथे दिसेल तेथे काहीतरी फुटते आहे एवढे तुला शब्दकोश न उघडता कळेल. न्यूट्रलायझेशन, आयनायझेशन यांच्या शेपटीला जे आहे ते उदासिनीकरण, आयनीकरण यांतले आपले ‘करण’ आहे. ज्या मुलांनी हे शब्द फक्त इंग्रजीतून घोकले त्यांच्यासाठी ते बंद डबे असतात. तुझ्याकडे त्या डब्यांचे झाकण उघडण्याचे साधन आहे आणि तू ते पेटीत ठेवून कऱ्हाडला गेली आहेस. दहावीचे विज्ञानाचे दोन्ही भाग आईने जपून ठेवले आहेत, ते पुढच्या खेपेला पाठवतो.

नामांची लांबलचक माळ दिसली, जसे पंप शाफ्ट स्लीव्ह किंवा हाय प्रेशर वॉटर सप्लाय लाइन, तर शेवटच्या शब्दापासून मागे ये. पाणीपुरवठा संस्था म्हणजे संस्था, कशाची, तर पुरवठ्याची, कशाच्या, तर पाण्याच्या. समासाचा विग्रह जसा करतेस तसाच कर.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत मात्र सांगलीच्या माणसाला चूक परवडत नाही. पावसाळ्यात कोयनेतून सोडलेले पाणी प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून पुढे आपल्याकडे येते आणि सारे शहर १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पाणी पाच फुटांनी वाढले आणि पाणी पंचेचाळीस फुटांवर गेले, या दोन वाक्यांतला फरक आपल्या पेठेतल्या लहान पोरालाही कळतो, कारण एकात चहा पीत बसता येते आणि दुसऱ्यात धान्याची पोती माडीवर चढवावी लागतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा तू शाळेत होतीस, तुला आठवत असेल. इंग्रजीतले बाय आणि टू म्हणजे नेमके हे ‘नी’ आणि ‘वर’. पंचवीस अंशांवरचे पाणी बाय ट्वेंटी तापवले तर ते पंचेचाळीस अंशांवर जाते. टू ट्वेंटी तर त्याला तापवून नेताच येत नाही, थंड करावे लागते. तुझ्या चाचणीतले ते गणित, जे येत असूनही चुकले म्हणालीस, ते पुन्हा काढून पाहा. मला वाटते गणित बरोबर होते आणि हे दोन अक्षरी शब्द चुकले.

नेहमीच्या ओळखीचे शब्द तेथे वेगळ्या कामावर असतात, हेही सांभाळ. यंत्रशास्त्रातला मोमेंट म्हणजे क्षण नव्हे, आघूर्ण. सोल्यूशन रसायनात द्रावण असते आणि गणितात उकल. पंपाचे हेड म्हणजे डोके नव्हे, तर पंप पाणी जितके उचलू शकतो ती मीटरमधली उंची. आणि भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांत शल लिहिले असेल तर ते बंधनकारक असते, शुड लिहिले असेल तर ती शिफारस असते; पुढे नोकरीत या दोन शब्दांवर सह्या होतील, म्हणून आत्तापासून डोळा ठेव.

करायचे काय, तर रोज अर्धे पान. जास्त नको. तुला ज्याचे शास्त्र आधीच येते असेच पान निवड, अनोळखी विषय आणि अनोळखी भाषा एकदम अंगावर घेऊ नकोस. एक लांब वाक्य वहीत उतरव, क्रियापदाखाली रेघ ओढ, नकार असेल तर त्याला गोल कर, खाली त्याचे मराठी लिही, आणि मग पुस्तक मिटून त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून पाहा. सुटे शब्द लिहून ठेवण्याच्या वहीवर माझा विश्वास नाही. मीही तशी एक भरली होती आणि ती भरूनच मी ते नट पिळले. शब्द लिहायचा तर तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट लिही. आर्टिकलसाठी तर लागोपाठची दोन वाक्येच पुरतात : पहिल्या वाक्यात ‘अ व्हॉल्व्ह’ येतो आणि दुसऱ्यापासून तो ‘द व्हॉल्व्ह’ होतो, जसा आपल्या गोष्टीत आधी ‘एक राजा’ असतो आणि पुढे ‘तो राजा’.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दिल्या आहेत, त्या शनिवारी मामाबरोबर येतील. याच पाकिटात मी त्या माहितीपुस्तकातले ग्लँडचे पान घडी करून ठेवले आहे. मूळ पान आहे, झेरॉक्स नाही. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग आहे आणि खालून तिसऱ्या ओळीत गुरुजींच्या पेन्सिलीचा गोल अजून पुसट दिसतो. त्याच्या पुढच्या परिच्छेदात आणखी एक नॉट आहे, त्याला कोणी गोल केलेला नाही. ते कोणत्या क्रियापदाला लागते आणि कोठपर्यंत पोहोचते, तेवढे मला पत्राने कळव.

तुझे,
आण्णा