गिरणगाव फोटो-संकलन : रविवारी स्कॅनिंगला बसणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी 10 वाजता. मऊ पेन्सिल (2बी), कोरडा सुती कपडा आणि रिकामी हार्ड डिस्क आणा.

पोस्टकार्डाएवढे फोटो 600 डीपीआयला (इंचामागे 600 ठिपके), टिफमध्ये (दर्जा न घटवणारी फाइल). 35 मिमी निगेटिव्ह किमान 2400 ला. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक होऊन येतो. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो.

चिकट पानांच्या अल्बममधले किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो ओढू नका! दमट हवेत इमल्शन (फोटोवरचा चित्राचा थर) काचेला धरतं, ओढलं की चेहराच निघून येतो. तसेच ठेवून स्कॅन करा.

नोंदीत पत्ता दोन्ही नावांनी हवा : डिलाईल रोड / ना. म. जोशी मार्ग. चाळ आणि खोली क्रमांकही. ‘संपातला फोटो’ एवढ्यावरून 1982 लिहू नका. गिरण्यांचा संप 1928 लाही होता, 1974 लाही. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. मालकाची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या, मूळ फोटो लगेच परत.

आठवणी रेकॉर्ड करताना पंखा बंद. उकडेल, इलाज नाही.