वैकुंठातल्या दादांना, आईच्या गुडघ्यांबद्दल

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतं दादा. गेल्या श्रावणात, पहाटे तीनच्या सुमारास, पुण्यात नवी पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीवर तुमची पाळी होती. मी तुम्हाला आठवणार नाही. खूण सांगायची तर फाईल छातीशी धरून जो दिसेल त्याला "आता काय?" विचारत फिरणारी बाई, ती मी.

बाबांच्या वेळी सगळं चुलत्यांनी पाहिलं होतं. लाकडावर झालं, तीनेकशे किलो लागली असतील, आणि आम्ही बायका घरीच. तिसऱ्या दिवशी राख सावडून आले ते पुरुषच. आई तेव्हाच म्हणाली होती, "माझ्यासाठी झाडं तोडू नका." म्हणून विद्युतदाहिनी. पण तिथे काय करतात, कुणी सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही आधी अंत्यसंस्काराचा पास मागितलात. मग म्हणालात, "नाव आधारशी ताडून बघा ताई, पुढं दाखल्यावर हेच येतं." आईच्या नावात खरंच एक काना कमी होता. नंतर दाखल्यासाठी धावपळ करताना त्या एका वाक्याने माझे किती हेलपाटे वाचवले, ते मलाच ठाऊक.

आणि मग तुम्ही विचारलंत, "पेसमेकर बसवलाय का?" मामा चिडलाच, ही काय विचारायची वेळ! तुम्ही शांतपणे सांगितलंत की त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते, भट्टीचं नुकसान होतं, जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते, म्हणून तो आधी काढून घ्यावा लागतो. नव्हता. "गुडघे बदललेत, दोन्ही," मी म्हटलं. "गुडघे असू देत. ते फुटत नाहीत."

त्या रात्रीत आईबद्दल, म्हणजे तिच्या शरीराबद्दल, इतकं नीट कुणी विचारलं नव्हतं. रात्रभर ती सगळ्यांसाठी 'बॉडी' होती.

मडकं खांद्यावर घेऊन मीच फिरले. कापूर लावताना हात थरथरला तेव्हा तुम्ही काडेपेटी माझ्याकडून घेतली नाहीत, नुसता हाताचा आडोसा धरलात. दार खाली आलं. "दोन तासांनी या. चहा प्या," म्हणालात. चहा प्यायलो. चांगला होता, आणि चांगला लागला याची लाजही वाटली.

अस्थी लाल फडक्यात बांधून दिल्यात. शेजारी वर्तमानपत्राच्या कागदात वेगळी पुडी. "हे नाशिकला टाकू नका, रामकुंडात हाडं विरतात म्हणतात, हे काही विरायचं नाही." उघडून बघितलं तर धातूचे चार तुकडे. मांडीच्या हाडावर बसणारे दोन वाकडे, नडगीवरचे दोन सपाट, मधलं प्लॅस्टिक जळून गेलेलं. तुम्ही ते पुसून ठेवले होते. एवढं कोण करतं?

दादा, त्या गुडघ्यांनी शस्त्रक्रियेनंतर आठव्या महिन्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या होत्या. वर पोचल्यावर आई देवळात गेलीच नाही, कठड्याशी बसून शेंगा खाल्ल्या आणि खाली बघत म्हणाली, "पैसे वसूल."

दहाव्याला ओंकारेश्वरापाशी कावळा शिवला नाही. तासभर उन्हात उभे राहिलो. मामाने कबूल केलं की घर विकणार नाही, मावशीने कबूल केलं की मुलीला एकटं पडू देणार नाही. कावळा पलीकडच्या पिंडावर. शेवटी गुरुजींनी दर्भाचा केला. सगळे मला समजावत होते, आणि मला खरं तर काही वाटतच नव्हतं. जे वाटायचं ते त्या पहाटे पुडी उघडताना वाटून गेलं होतं. तिथेच, तुमच्या बाकावर बसून, पहिल्यांदा रडले.

मावशी म्हणते असलं घरात ठेवू नये. मी आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलंय, बटणांखाली. डबा उचलला की जड लागतो.

वर्षश्राद्धानंतर तुम्हाला भेटायला आले होते. तुमची रात्रपाळी होती आणि मी दुपारी आले. बाकरवडी तिथल्या माणसाकडे ठेवली. मिळाली असेल तर सांगते, दोन पुडे होते, एक नव्हे.

तुमची,
गुडघेवाल्या आजींची मुलगी