गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा स्टिअरिंगवर बसवणाऱ्या फिजिओताईंना

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

जळगाव-भुसावळकडे गाडी शिकवणारे आम्ही. सांधा बदललेल्या माणसांचं पालुपद एकच : "आते गुडघा वाकस, मंग काय अडस?" अडतं ते ब्रेकवर, हे तुम्ही आम्हाला दाखवून दिलंत. गुडघा नव्वद अंशांत वाकला म्हणजे गाडीत बसता येतं, एवढंच. ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलून ब्रेक तळापर्यंत दाबायला मांडीचा स्नायू लागतो, आणि सूज असेपर्यंत तो नीट आवळतच नाही. म्हणून उजव्या गुडघ्याला साधारण चार ते सहा आठवडे, तेही सर्जननी होकार दिल्यावर. ट्रॅमाडॉलसारखी गुंगीची गोळी चालू असेल तर तोवर किल्लीच हातात घ्यायची नाही. डाव्या गुडघ्याची माणसं जास्त घाई करतात. पण क्लच दाबायचा कोणी? ऑटोमॅटिक गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

तुमची बंद गाडीतली तालीम आता आमची झाली आहे. सीट पूर्ण मागे, आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकली की कपडा अडत नाही आणि गुडघ्याला पीळ बसत नाही. (चालवण्यापूर्वी ती काढायची, नाहीतर ब्रेक मारताच माणूस पुढे घसरतो.) मग सीट अशी लावायची की ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघ्यात थोडा बाक राहील. फार पुढे घेतली तर पाय उचलताना गुडघा स्टिअरिंगखाली अडतो. फार मागे ठेवली तर पाय ताणला जातो, जोर लागत नाही. इंजिन बंदच ठेवून "थांब!" म्हणायचं. कळ येऊन पाय अर्ध्यात थबकला, तर त्या दिवशी गाडी सुरू होत नाही.

पहिली फेरी आमच्याच गाडीत, कारण शेजारी आमच्या पायाशीही ब्रेक-क्लच असतो. आधी मोकळं मैदान, मग गावातले स्पीडब्रेकर. केळीच्या ट्रकांमागचा सावदा-रावेर रस्ता आणि कन्नड घाट सगळ्यात शेवटी. घाटात क्लचवरचा पाय सुटत नाही. लांब जायचं तर मधे उतरून चार पावलं चालायचं, हेही तुमचंच. स्कूटर त्याहून उशिरा, कारण थांबताना सगळा भार एका पायावर येतो.

ट्रॅक्टरवाल्यांना मात्र आम्ही काही सांगत नाही. जड क्लच, उंच पायरी. ते थेट तुमच्याकडेच येतील. पेरणी तोंडावर आली की गर्दी वाढेल, त्याबद्दल आगाऊ आभार.

आपले,
ड्रायव्हिंग शिकवणारे आम्ही सगळे