गिरणीवाल्या मावशींना, एका चिठ्ठीबद्दल

मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर गुरुवारी येताना हातातच देता आलं असतं. पण तुमच्यासमोर आभार हा शब्द काढला की तुम्ही "बरं बरं, चहा घ्या आधी" म्हणून विषय कापता आणि मी बावळटासारखा कप घेऊन बसतो. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमची भाची वाचून दाखवील. तिला सांगा, हळू वाच, मधले विनोद गाळू नकोस.

वयानं तुम्ही माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असाल. पण डोंबिवलीतली ती अख्खी गल्ली तुम्हाला मावशी म्हणते, तर मीही मावशीच म्हणणार.

परवा शनिवारी आमचा पहिला कार्यक्रम झाला. साठी उलटलेली सहा माणसं, तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यात वाजवलेली, पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काही वाजवायला उभी राहिली. ऱ्हिदम अँड ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. तुम्ही मधल्या रांगेत काठाच्या खुर्चीवर होतात, मांडीवर पर्स घट्ट धरून. मध्यंतरात मी तुम्हाला शोधत आलो तर तुम्ही निघाला होतात. सकाळी सहाला गिरणी उघडायची असते. ते बोलायचं राहिलं. तेव्हापासून नीट झोप नाही.

आधी जरा कुरकुर करू द्या, मावशी. पोटात ठेवली तर ॲसिडिटी होते.

तुमच्याकडे येण्याआधी आठ महिने आम्ही जागा शोधत होतो. आठवड्यातून दोन रात्री, दोन-अडीच तास, भाडं देऊन. मागणं एवढंच. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून दाखवले. हेच गृहस्थ गणपतीत माझ्या गॅलरीखाली डीजे लावतात आणि मी खिडकी बंद केली तर रुसतात. एका हॉलवाल्यानं आगाऊ पैसे घेतले, दोन आठवडे वाजवू दिलं आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो तेव्हा आत साखरपुडा चालला होता. आम्ही बाजा घेऊन आलोय असं समजून मुलीच्या काकांनी आम्हाला आत बोलावलं, जिलबी वाढली. पैसे मात्र परत आले नाहीत. एका कॅफेच्या तरुण मॅनेजरनं विचारलं, "अंकल, फॉलोअर्स किती आहेत?" आमचा ड्रमर म्हणाला, "आमच्या मागे सध्या फक्त शुगर लागलीय."

आणि सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. एका संस्थेनं आम्हा वादकांचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, "यांच्याशिवाय सुवर्णकाळ अपुरा" वगैरे. त्यांची वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी रिकामी असते. मी विचारलं. "कळवतो" म्हणाले. नारळाची बर्फी करून संपली, शालीला कसर लागली, ते अजून कळवतायत.

तुमच्याकडे मी आलो होतो भाजणी दळायला. आठवतंय? नंबर लांब होता, फोनवर गिटारवाल्याशी बोलत होतो, जरा चिडून बोलत होतो. तुम्ही मोटर बंद केलीत आणि म्हणालात, "दादा, साडेआठला मी शटर ओढते. माझ्या गिरणीच्या आवाजाची सवय आहे सगळ्यांना, तुमचा आवाज काय जास्त होणार? या इथे." मी म्हटलं, "मावशी, आम्ही इंग्रजी वाजवतो." तुम्ही म्हणालात, "वाजवा की. गहूपण पंजाबातनं येतो."

भाडं विचारलं तर लाईटबिलाचं काय ते द्या म्हणालात. पुढचा तपशील लिहीत नाही. तुम्हाला तो आवडणार नाही आणि वाचणाऱ्यांना त्याचं काम नाही. एक गोष्ट मात्र धंदेवाईक माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे. माझ्या बेस गिटारचा ॲम्प्लिफायर घरच्या वायरिंगवर लावला की घूं घूं करतो, कारण बहुतेक इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं. तुमच्याकडे थ्री फेज आणि पक्कं अर्थिंग. पहिल्या रात्री मी ॲम्प चालू केला, आवाज वाढवत नेला आणि काहीच ऐकू आलं नाही. इतकी स्वच्छ शांतता मी कित्येक महागड्या स्टुडिओतही ऐकलेली नाही. आमच्या कीबोर्डवाल्याला पिठाची भीती होती, तर दुसऱ्या खेपेला तुम्ही लादी ओल्या फडक्यानं पुसून, चाकीवर धुतलेली चादर टाकून ठेवली होतीत.

आता मोठमोठ्या लेखांतून ब्लूज आणि जात्यावरच्या ओव्या यांची सांगड घालतात. मलाही मोह होतोय. पण तुम्ही आयुष्यात जातं ओढलेलं नाही, तुमची मोटर दहा हॉर्सपॉवरची आहे आणि तुम्ही गाता ते फक्त उधारी मागताना. शफल, म्हणजे ब्लूजचा झुलता ठेका, ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "पट्टा सैल झाल्यावर गिरणी अशीच चालते." मावशी, शफलचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. ठोका किंचित मागे रेलतो, पण पडत नाही.

तर आता चिठ्ठी.

तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही म्हणालात, रोज काय ओझी वाहता, ठेवून जा इथंच. आमच्या पेट्या मग गिऱ्हाइकांच्या डब्यांच्या रांगेत भिंतीशी उभ्या राहिल्या. पुढच्या गुरुवारी आलो तर प्रत्येक पेटीवर वहीच्या कागदाचा तुकडा, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. त्यावर तुमच्या गोल अक्षरात आमची नावं. कोणी विचारायच्या आतच तुम्ही म्हणालात, "नाव नसलेला डबा मी ठेवून घेत नाही. उद्या कोण कुणाचा नेईल."

आणि डब्यावरच्या चिठ्ठीत नावाखाली दळण कसं हवं ते लिहायची तुमची सवय. गिटारवाल्याच्या नावाखाली लिहिलं होतं: बारीक. माझ्या नावाखाली: जाड.

बाकीचे हसत सुटले. मीही हसलो. मग ॲम्पची वायर शोधायच्या निमित्तानं शटरच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. म्हणून सांगतो. १९८१ साली मी पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसलो. मेसेंजरचा, म्हणजे वादकांना बोलावणं पोचवणाऱ्या माणसाचा, निरोप यायचा, उद्या नऊ वाजता, ताडदेव. नाहीतर वांद्र्याला, मेहबूब स्टुडिओ. फिल्म सेंटरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर वादक, समोर नोटेशनचा कागद, दोन-तीन मॉनिटर, म्हणजे तालमी, मग टेक. एकजण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पाकीट. काही महिन्यांनी तेच गाणं रेडिओवर लागायचं आणि निवेदक गायकाचं नाव सांगायचा, संगीतकाराचं, गीतकाराचं. आई कान लावून बसायची. एकदा तिनं विचारलं, "तुझं कधी सांगतात?" पुढं तिनं विचारणं सोडलं. नव्वदीच्या दशकात कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंगनं हॉल रिकामे होत गेले. मेसेंजरचा निरोप येईनासा झाला.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं नाही. मी ज्याच्याकडे पाहून बेस शिकलो तो जेम्स जेमरसन डेट्रॉइटचा, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या घरच्या वादकांतला. फंक ब्रदर्स म्हणत त्यांना. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा बदलायचा नाही. मळ बसू दे, त्यातच फंक आहे असं त्याचं मत. १९५९ पासून एकामागून एक गाणी त्याच्या त्या बोटावर उभी राहिली आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव छापून आलं ते १९७१ साली, गायक मार्विन गेच्या एका अल्बमवर. पुढच्याच वर्षी कंपनीनं लॉस एंजेलिसला बस्तान हलवलं. ऱ्हिदम अँड ब्लूज हे नावसुद्धा उशिरानं मिळालेलं आहे. १९४९ पर्यंत 'बिलबोर्ड' हे अमेरिकेतलं संगीताचं साप्ताहिक काळ्या कलावंतांच्या गाण्यांच्या यादीला 'रेस रेकॉर्ड्स' (रेस म्हणजे वंश) म्हणत असे.

काहींनी आपलं नाव आपणच मिळवलं. मेम्फिसला स्टॅक्स स्टुडिओ जुन्या सिनेमा थिएटरात होता. तिथल्या रोजंदारीच्या वादकांनी १९६२ साली एका गायकाच्या रेकॉर्डिंगमधल्या मोकळ्या वेळात स्वतःसाठी वाजवलं. त्यातून बुकर टी अँड द एमजीज हा बँड झाला. ऑर्गनवरचा बुकर टी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढं त्यात दोन काळे, दोन गोरे, तेही जिथं त्यांना एका टेबलावर जेवणं मुश्किल होतं त्या शहरात. आमचा खरा आदर्श मात्र न्यूयॉर्कचा 'स्टफ' हा बँड. रिचर्ड टी, कॉर्नेल डुप्री, एरिक गेल, गॉर्डन एडवर्ड्स, स्टीव्ह गॅड, ख्रिस पार्कर. दिवसभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगना वाजवायचं आणि रात्री मॅनहॅटनमधल्या मिकेल्स नावाच्या क्लबात स्वतःसाठी. दोन गिटार, दोन ड्रमर, पण कोणी कोणाच्या पायात येत नाही. १९७६ साली त्यांचा पहिला अल्बम आला. ती कॅसेट मी इतकी ऐकली की टेप गुंडाळून मेली.

आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक, अरेंजर, प्यारेलालजींचे गुरू. १९५८ साली त्यांनी वादक जमवून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्सच्या आवारात वाजवला, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. आज कोणाला विचारा. नाव सगळ्यांना पाठ आहे, पण ते १९७७ च्या सिनेमात अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं. निदान नाव तरी राहिलं, असं आमचा सॅक्सवाला म्हणतो. मला ते पटत नाही. आमचं यावर भांडण आहे, तुम्ही ऐकलंयत.

यातलं तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ती चिठ्ठी मला शालीहून मोठी वाटते. तुम्ही आमचा गौरव वगैरे करत नव्हता. तुमच्या रांगेत ठेवलेली वस्तू कुणाची आहे हे कळलं पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. नऊवारी नेसणाऱ्या आजींच्या ज्वारीला जो नियम, तोच माझ्या बेसला. मी तुमच्याकडे नंबर लावून बसलोय तेव्हा पाहिलंय, कामवालीचं दोन किलो आणि बिल्डरच्या घरचं वीस किलो, नंबर आला की नंबर. बिल्डरच्या ड्रायव्हरला तुम्ही तासभर बसवलं होतंत. आणि शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याच्या डब्यात घटीचं पीठ तुमच्याकडचं टाकून वजन पुरं करून देता, तेही मी पाहिलंय. पाहिलं नाही असं दाखवलं, कारण तुम्हाला ते बरं वाटलं असतं.

आमच्यातली गाणारी, तिनं आयुष्यभर कोरसमध्ये गायलं. माइकपासून पाच फूट मागे, आठ बायकांत एक. मधोमध उभं राहून गायला ती तयारच नव्हती. तिच्याकडे पेटी नाही, वाद्य नाही, तर तुम्ही तिच्या पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवलीत. खाली काय लिहायचं ते तुम्हाला सुचेना, म्हणून तिला विचारलंत, "तुमचं कसं, बारीक की जाड?" ती म्हणाली, "आजवर बारीकच होतं." त्या रात्री ती ज्या सुरात सुटली, ड्रमरची काठी हातातून निसटली. शनिवारी ती बाटली तिनं स्टेजवर माइकच्या पायाशी ठेवली होती, चिठ्ठी लोकांकडे करून. काठाच्या खुर्चीवरून दिसली का तुम्हाला?

आणखी एक कबुली. शनिवारी हॉलवाल्यांनी पेट्यांवरचे जुने कागद काढा म्हणून सांगितलं, फोटोत बरे दिसत नाहीत म्हणे. आम्ही सहाजण एकदम "नाही" म्हणालो. इतक्या वर्षांत सहाजण एकाच ठोक्यावर आलेले मला आठवत नाहीत.

गुरुवारी नऊला येतो. माझ्या चिठ्ठीवर पाऊस पडलाय, आडनावाची शाई पसरलीय. नवी लिहून द्याल का? ड्रमरच्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तशीच राहू द्या, त्याला ती आवडायला लागलीय. आणि माझ्या नावाखाली जाडच लिहा. भाजणीचा डबा पण आणतोय, त्याला मात्र बारीक.

तुमचा,
लांब गिटारवाला दादा
(चार तारांची असते, मावशी. बेस म्हणतात तिला.)