पोटातल्या प्रत्येक ग्रॅन्युलोमाला टीबी म्हणू नका

संपादक महोदय,

मुलाला महिनोन्‌महिने रक्ताचे जुलाब, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा गळू, वजन जागच्या जागी. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहामुळे जमलेल्या पेशींची बारीक गाठ) दिसला की टीबीची औषधे सुरू होतात. टीबी आपल्याकडे उदंड, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण जंतू सापडत नसेल आणि आधी यकृतात गळू वा न्यूमोनिया होऊन गेला असेल, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज तपासायलाच हवा. या जन्मजात आजारात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण काही ठरावीक जंतू आणि बुरशी त्यांना मारता येत नाहीत. आतड्याचा दाह तर जंतूविनाही धुमसतो. जठराचे आतड्याकडचे तोंड सुजून अरुंद झाले की खाल्लेले उलटते. तिथे चाकू लावण्याआधी स्टेरॉईडचा विचार व्हावा.

तपासणीचे नाव डीएचआर; पांढऱ्या पेशींना जंतू मारणारे रसायन बनवता येते का, हे पाहणारी ही रक्तचाचणी. हेपारिनच्या हिरव्या टोपणाच्या नळीत २-३ मिली रक्त, सोबत त्याच वेळी घेतलेला निरोगी माणसाचा नमुना. बर्फात ठेवू नये (नेमके तेच होते!). साधारण २४ तासांत मुंबईत परळच्या एनआयआयएच (राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था) सारख्या प्रयोगशाळेत पोचावे. रत्नागिरी-कुडाळहून रात्रीच्या गाडीने जमते, मात्र आधी विचारून. शनिवारी पाठवलेला नमुना बहुधा फुकट जातो.

निदान झाल्यावर कोट्रायमॉक्साझोल (प्रतिजैविक) व इट्राकोनाझोल (बुरशीविरोधी औषध) रोज. भाजावळीचा पातेरा, शेणखताचा खड्डा, बागेतला कुजका पाला यांपासून मूल लांबच ठेवावे. त्यातली बुरशी फुप्फुसात शिरते. पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी (टीबीची जिवंत लस) थांबवावी.

– बालरोगतज्ज्ञ व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी