शांती शिकवायची फी किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मनःशांतीच्या महागड्या वर्कशॉपच्या जाहिराती हल्ली जिकडेतिकडे दिसतात आणि माझ्या ओळखीतली नोकरीला नुकतीच लागलेली पोरं त्यात पगार घालवतायत, म्हणून अगदी राहवलं नाही. आपल्या इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं, म्हणजे शरीरावरच्या संवेदना नुसत्या बघत राहायचं ध्यान शिकवतात, राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे घेत नाहीत, दान द्यायचं असेल तर तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात.

ही शिबिरं ज्यांच्या शिकवणीवर चालतात ते सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले व्यापारी, मायग्रेनने हैराण झालेले. ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर गुरूंनी आधी नकारच दिला, नुसती डोकेदुखी घालवायला येऊ नका, मन शुद्ध करायचं असेल तर या! आणि हे गुरू कोणी संन्यासी नव्हते, सरकारी नोकरीत अकाउंटंट जनरल होते. गोयंकाजी 1969 मध्ये भारतात आले आणि शिकवायला लागले. मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतःच्या शरीरावर अनुभवा, हे त्यांच्या रोज लावल्या जाणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनात ऐकायला मिळतं (ते स्वतः 2013 मध्ये गेले). मला गुरू म्हणून हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग अधिष्ठान म्हणजे तासभर न हलता बसायचं. माझे गुडघे अक्षरशः पेटले होते, उठून पळावंसं वाटत होतं, पण नुसतं बघत राहिले आणि ती आग आपोआप सरकली, बदलली, विरली. सगळं अनित्य आहे हे प्रवचनात ऐकलंच होतं, पण पटलं ते त्या तासात. पुढे बाबांच्या आजारपणात रात्री-अपरात्री हाक आली की आधी चिडचिड व्हायची, ती छातीत उठताना मला कळायला लागली, आणि कळली की बाबांवर निघायची नाही. रोज बसले नाही तर मात्र पुन्हा येते, हेही खरं.

हा औषधोपचाराला पर्याय नाही, गंभीर मानसिक आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, अर्जातही तब्येतीची माहिती नीट विचारतात.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एकदा याची साधी माहिती द्या ना, पहाटे चारला उठायचं, मोबाईल जमा करायचा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, नवीन साधकांना संध्याकाळी फक्त फळं-चुरमुरे, सगळं स्पष्ट लिहून, म्हणजे पोरं तयारीने जातील.

आपली एक वाचक,
नाशिक